आधी घड्याळजी, मग घड्याळ

स्वतंत्र भारताच्या संसदेने १९६२ साली जो सीमाशुल्क अधिनियम संमत केला, त्याच्या १२३व्या कलमात कायद्याच्या नेहमीच्या रिवाजाला सोडून एक तरतूद आढळते. सकारण संशयावरून जप्त झालेला माल चोरटा आहे हे सरकारने शाबीत करावयाचे नाही, तर तो तसा नाही हे ज्याच्या ताब्यात सापडला त्यानेच शाबीत करावयाचे, असा हा उलटा भार आहे. आणि तो ज्या मोजक्या वस्तूंसाठी राखून ठेवला त्यांत सोन्याच्या जोडीला घड्याळांचे नाव स्पष्ट शब्दांत घातलेले आहे. मनगटावर बांधावयाचे चार-सहा तोळ्यांचे एक यंत्र सोन्याच्या पंक्तीला कसे जाऊन बसले, असा प्रश्न नागपूर-सोलापूरकडच्या वाचकाला पडणे साहजिक आहे. म्हापशाच्या माणसाला तो पडण्याचे कारण नाही.

पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या काही वर्षांत गोव्याची स्थिती मोठी विलक्षण होती. भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी केली, १९५५ साली रेल्वेची वाहतूक थांबली, घाटावरून येणाऱ्या जिन्नसांची आवक आटली. परंतु डिचोलीकडच्या डोंगरांतील लोहखनिज बार्जींतून मांडवीमार्गे मुरगाव बंदरात आणि तेथून जपान व युरोपकडे जात राहिले, आणि त्याच्या मोबदल्यात हाती येणाऱ्या परकीय चलनावर पणजी, मडगाव आणि म्हापसा येथील दुकाने विलायती मालाने भरून गेली. नेमक्या त्याच काळी हद्दीपलीकडे आयातीवर कडक निर्बंध होते. त्यामुळे पत्रादेवीच्या अलीकडे जे स्विस घड्याळ बेताच्या मिळकतीच्या माणसालाही घेता येई, तेच पलीकडे बांद्याला पोचताच दुर्मिळ वस्तू ठरे. आणि जेथे दोन मुलखांतील भावांत एवढे अंतर पडते तेथे पेडण्याच्या हद्दीवरील खाडीची तर काय किंवा डिचोलीकडून दोडामार्गास जाणारी रानवाट काय, रात्रीच्या वेळी ओस राहत नाही. आकाराने लहान, मोलाने मोठी, पाण्यापावसात सांभाळण्यास सोपी आणि कोणाच्याही हातावर सहज खपून जाणारी अशी वस्तू सोने सोडल्यास घड्याळ हीच. अधिनियमाचा मसुदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे साऱ्या देशाचा किनारा असेल, पण आमच्या भागातल्या जुन्या माणसाला ते कलम वाचून आपल्याच गावची गोष्ट वाचल्यासारखे वाटेल.

याचा परिणाम असा की, बारदेश, पेडणे आणि डिचोली या तीन तालुक्यांतील कित्येक घरांच्या कपाटांत आज घड्याळांचे निरनिराळ्या काळांचे थर सापडतात. सर्वांत तळाशी आजोबांचे फेवर ल्यूबा, वेस्ट एंड, रोमर किंवा टिसो. त्यावर मुक्तीनंतरच्या पिढीचे एच.एम.टी.; त्यावर आखातात नोकरीला गेलेल्या काकांनी अथवा जहाजावरच्या मामांनी आणलेले सेइको वा सिटिझन; त्यावर लग्नात आलेले टायटन; आणि अगदी वर, नाडीचे ठोके आणि चाललेली पावले मोजणारा तो काळा चौकोन, ज्याला घड्याळ म्हणावे की नाही याविषयी मी अजून साशंक आहे. नोकरीला लागलेला एखादा तरुण, आता एकच चांगले घड्याळ घ्यावे आणि ते जन्मभर हातावर असावे, असा संकल्प करून बाजारात निघतो, तेव्हा तो प्रथम कंपनीचे नाव पाहतो, मग किंमत, मग तबकडीचे रूप. हा क्रम मुळातच उलटा आहे, असे माझे मत आहे. आणि त्याचे प्रमाण वर सांगितलेल्या थरांपैकी दुसऱ्या थरात मिळते.

हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी उद्योगाने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे घड्याळांचा कारखाना उभारला तो १९६१ साली. म्हणजे ज्या वर्षाच्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला, त्याच वर्षी. (आमचे खनिज मुरगावहून जपानला जात होते आणि जपानची घड्याळविद्या बंगळूरला येत होती, या दोन व्यवहारांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही, पण योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे.) त्या कारखान्याचे ‘जनता’ नावाचे घड्याळ म्हणजे साधेपणाची परिसीमा होय: रोज चावी द्यावयाची, सतरा ज्वेल, तीन काटे, तारीख नाही, वार नाही, पाण्यापासून फारसे संरक्षणही नाही. स्विस घड्याळांच्या शेजारी ठेवले तर त्याच्या यंत्राची घासणी आणि झिलई ओबडधोबड दिसते, हे कबूल करावयास हवे. पुढे १९८४ साली टाटा आणि तमिळनाडू सरकार यांच्या भागीदारीने टायटनची स्थापना झाली, होसूरच्या कारखान्यातून क्वार्ट्झ घड्याळे बाजारात आली, आणि चावीच्या घड्याळाचे दिवस भरले. एच.एम.टी.च्या घड्याळ विभागाला कायमचे कुलूप घालण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला.

परंतु कारखाना मेला म्हणून घड्याळ मेले नाही. तीच ती यंत्ररचना वर्षानुवर्षे कोट्यवधींच्या संख्येने निघाली असल्यामुळे बंद पडलेल्या एकाच्या पोटातील चक्र दुसऱ्याच्या पोटात बिनतक्रार बसते. आणि तालुक्याच्या गावच्या घड्याळजीने ती यंत्रे इतक्या वेळा उघडली आहेत की त्याला नकाशा लागत नाही. याच्या उलट, थोड्या संख्येने निघालेल्या एखाद्या उंची घड्याळाचा एक लहानसा भाग झिजला तर ते कुरिअरने मुंबईला, तेथून कदाचित परदेशी, आणि कित्येक महिन्यांनी खरेदीच्या किमतीचा लचका तोडणाऱ्या बिलासह परत, असा प्रवास घडतो. घड्याळाचे आयुष्य ते बनविणाऱ्या कंपनीच्या दीर्घायुष्यावर अवलंबून नसते. त्या जातीची यंत्रे किती निघाली आणि ती उघडू शकणारा कारागीर आपल्या घरापासून किती कोसांवर बसतो, यावर ते अवलंबून असते. म्हणून एकच घड्याळ घेणाऱ्याने दुकानात शिरण्यापूर्वी घड्याळजीकडे जावे, आणि तुम्ही कोणती यंत्रे दुरुस्त करता, कोणत्या यंत्राचे सुटे भाग तुमच्या डब्यात आहेत, एवढे दोन प्रश्न विचारावे.

हे मत निव्वळ जुन्याच्या मोहातून आलेले नाही, हे पटण्यासाठी घड्याळाच्या पोटात काय चालते ते थोडे पाहिले पाहिजे. चावीच्या घड्याळात गुंडाळलेली मुख्य स्प्रिंग उलगडण्याची धडपड करते आणि तिची शक्ती चार-पाच दातेरी चक्रांतून पुढे जाते. ती मोकळी सुटली तर काही क्षणांत घड्याळाचा दिवस संपून जाईल; म्हणून साखळीच्या शेवटी एक पहारेकरी बसविलेला असतो. लंडनच्या टॉमस मज या कारागिराने अठराव्या शतकाच्या मध्यास शोधलेला हा तरफेचा पहारा आजही बहुतेक सर्व यांत्रिक घड्याळांत आहे. बॅलन्स नावाचे एक चाक केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या आधाराने झोपाळ्यासारखे पुढेमागे झुलते. प्रत्येक झोक्याला ते तरफेला धक्का देते, तरफ दातेरी चक्राचा एक दाता सोडते, आणि सुटता सुटता तो दाता झोपाळ्याला पुढच्या झोक्यापुरता हलका धक्का देऊन जातो. आपल्याला ऐकू येणारी टिकटिक ती हीच. जुन्या चावीच्या घड्याळात ती तासाला १८,००० वेळा, म्हणजे सेकंदाला पाच वेळा होते. दिवसाचा हिशेब ४,३२,००० ठोक्यांचा आणि वर्षाचा पावणेसोळा कोटींचा. एवढे कष्ट उपसणारे दुसरे यंत्र घरात नसते, आणि त्याला खुराक म्हणजे पाच-सहा वर्षांतून एकदा तेलाचे काही सूक्ष्म थेंब.

ज्या टोकांवर ही चक्रे फिरतात ती धातूत फिरती तर लवकरच भोके रुंदावली असती. म्हणून तेथे माणकाचे खडे बसवितात. तबकडीवर ‘सतरा ज्वेल’ म्हणून जे लिहिलेले असते ते हेच. ही माणके खाणीतली नव्हेत. ऑग्युस्त व्हर्नय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली जाहीर केलेल्या रीतीने भट्टीत तयार होतात आणि फार स्वस्त पडतात. साध्या तीन काट्यांच्या चावीच्या घड्याळाला सतरा पुरतात, आपोआप चावी घेणाऱ्याला एकवीस ते पंचवीस. त्यापुढचा आकडा बहुधा जाहिरातीचा असतो. १९६०नंतरच्या दशकात काही कंपन्यांनी निष्कारण शंभर-शंभर खडे बसवून गिऱ्हाइकांचे डोळे दिपविल्याचे दाखले आहेत.

यंत्राला खरे भय चार गोष्टींचे. पहिले, तेल वाळण्याचे: वाळलेल्या तेलावर घड्याळ चालत राहते, पण तेव्हा ते स्वतःलाच खात असते, म्हणून ‘अजून चालतेय ना, मग कशाला उघडा’ हा आपल्याकडचा सर्वमान्य सिद्धांत घड्याळापुरता घातक आहे. दुसरे, आपटण्याचे: बॅलन्सच्या आसाची टोके केसाएवढी बारीक असतात आणि पूर्वी एका धक्क्यानिशी मोडत, १९३३-३४च्या सुमारास आलेल्या इन्काब्लॉकसारख्या धक्काशोषक योजनेमुळे हे भय पुष्कळ ओसरले, आणि ती योजना नसलेले जुने घड्याळ रोजच्या वापरासाठी घेऊ नये. तिसरे, चुंबकाचे: फोनच्या ध्वनिवर्धकाजवळ किंवा लोहचुंबकी झाकणाच्या पिशवीत घड्याळ राहिले की ती बारीक स्प्रिंग चुंबकित होते, तिचे वेढे एकमेकांना चिकटू पाहतात आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटे पुढे धावू लागते. गिऱ्हाईक घाबरून यंत्र बदलावयास निघते. वास्तविक घड्याळजीजवळच्या साध्या विचुंबकाने ते क्षणात ताळ्यावर येते. आणि चौथे भय पाण्याचे, ज्याचा गोव्यात वेगळा अध्याय लिहावा लागतो.

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि उरलेल्या महिन्यांत घाम पडतो. मांद्रे, मोरजी, हरमलच्या बाजूला खारा वारा. डिचोलीच्या खाणपट्ट्यात तांबडी धूळ. मागच्या झाकणावर तीस मीटर लिहिलेले पाहून लोक अंगावर घड्याळ ठेवून विहिरीवर स्नान करतात, तो आकडा म्हणजे कारखान्यातील स्थिर दाबाची परीक्षा होय. व्यवहारात त्याचा अर्थ हात धुताना उडणारे शिंतोडे, इतकाच. पोहावयाचे असेल तर शंभर मीटर लिहिलेले हवे, आणि समुद्रात नित्य बुडी मारणाऱ्याने आय.एस.ओ. ६४२५ हे पाणबुड्यांच्या घड्याळांचे मानक पाहावे. पण आकडा कोणताही असो, पाणी अडवते ते रबराचे एक बारीक वळे, आणि रबर म्हातारे होते. पावसाळ्यापूर्वी, मृग लागण्याच्या आधी, दर दोन-तीन वर्षांनी ते वळे बदलून घेणे हा आमच्या हवेत घड्याळ टिकविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. काचेच्या आतून एकदा जरी वाफ धरलेली दिसली, तरी उन्हात वाळवीत न बसता त्याच दिवशी ते उघडून घ्यावे. कारण वाफ उडून जाते आणि गंज आत राहतो.

कवचाविषयी सांगावयाचे तर, पितळेवर मुलामा दिलेले घड्याळ घामाच्या माणसाने घेऊच नये. दोन-चार पावसाळ्यांत कानांपाशी मुलामा उडतो, हिरवट कीट धरते आणि सोन्याचे म्हणून घेतलेले घड्याळ मुदतीपूर्वीच म्हातारे दिसू लागते. ३१६एल या जातीच्या पोलादात मॉलिब्डेनम असते आणि ते खाऱ्या पाण्याला बरेच तोंड देते, तेच घ्यावे. काचेची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. आमच्या समुद्रकाठच्या वाळूत गारगोटीचे कण असतात आणि त्यांची कठिणता मोस यांच्या श्रेणीत ७. साधी खनिज काच त्यापेक्षा मऊ, म्हणून मोरजीच्या वाळूत एक संध्याकाळ लोळलेल्या घड्याळावर ओरखडे ठरलेले. सफायर काचेची कठिणता ९, आणि गंमत अशी की ती रासायनिकदृष्ट्या आतल्या माणकांचीच सख्खी बहीण आहे. मात्र ती आपटली तर फुटते. जुन्या घड्याळांची प्लास्टिकची काच ओरखडते पण फुटत नाही, आणि दंतमंजनाच्या लुगदीने घासली की पुन्हा स्वच्छ होते. चामड्याचा पट्टा इथल्या पावसाळ्यात बुरसतो, याविषयी अधिक लिहिण्याची जरूर नाही. पट्ट्याची रुंदी अठरा किंवा वीस मिलिमीटर असावी, म्हणजे तो म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही मिळतो.

आता क्वार्ट्झचा पक्ष. सेइको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी तोक्योत पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले आणि पुढच्या दोन दशकांत स्वित्झर्लंडच्या घड्याळ-उद्योगातील सुमारे दोन-तृतीयांश नोकऱ्या गेल्या. यातले तत्त्व सुंदर आहे: विजेच्या स्पर्शाने गारगोटीचा कापलेला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, आणि या आकड्याचे पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक उरतो, तोच सेकंद. अशा घड्याळाची चूक महिन्याला पंधरा-वीस सेकंदांची. चावीच्या चांगल्या घड्याळाची चूक दिवसालाच तेवढी असते, हे ऐकून नवखा माणूस नाक मुरडतो. परंतु दिवसाला वीस सेकंद म्हणजे ४,३२० सेकंदांमागे एक. हातात धरता येईल अशा स्प्रिंगच्या तुकड्याकडून याहून अधिक नेकीची अपेक्षा कोणी करावी? थिवीच्या स्टेशनावर कोकण रेल्वेची गाडी तेवढ्याने चुकत नाही, आणि लग्नाचा मुहूर्तही टळत नाही. रविवारी सकाळी एकदा काटे जुळवून घेतले की आठवडा निभतो.

क्वार्ट्झचे वैगुण्य अचूकतेत नाही, दुरुस्तीत आहे. विद्युत्पट्टी बिघडली तर ती दुरुस्त होत नाही, बदलावी लागते. ती जात बाजारात असेपर्यंत ठीक, नंतर घड्याळ नुसता बांगडीचा प्रकार होऊन राहते. १९८३ साली आलेल्या स्वॉच घड्याळाने तर एक्कावन्न भागांत सारे बसवून पाठीमागचे झाकणच नाहीसे केले. ते दुरुस्त करावयाचे नाही, असे बनविणाऱ्यांनीच ठरविले होते. उजेडावर चालणारी घड्याळे याला सन्माननीय अपवाद: त्यांचा पुन्हा भारित होणारा विद्युत्घट दीर्घकाळ टिकतो, दर दोन वर्षांनी पाठ उघडावी लागत नाही आणि म्हणून रबरी वळेही शाबूत राहते. शेतात, होडीवर किंवा खाणीच्या गाडीवर दिवस काढणाऱ्या माणसाने असेच घ्यावे, असे मी निःसंकोच सांगेन. हातावरच्या त्या काळ्या चौकोनाचा विचार जन्माच्या सोबतीसाठी करण्याचे कारण नाही. त्याची बॅटरी कायमची बंद कवचात असते, आणि ती टिकली तरी आतील आज्ञावलीला कंपनीचा आधार काही वर्षांपुरताच असतो.

उरलेल्यांनी यांत्रिक घड्याळ घ्यावे, आणि त्यातही ज्याचे यंत्र जपानी कंपन्या लाखोंनी बनवितात आणि इतर घड्याळकारांना विकतात अशा जातीचे, सेइकोचे एन.एच.३५ आणि सिटिझनच्या शाखेचे मियोटा ८२१५ ही त्यांतली सुप्रसिद्ध. ही यंत्रे देखणी नाहीत, पण पूर्ण यंत्र बदलण्याची वेळ आली तरी घड्याळ विकावे लागत नाही. आपोआप चावी घेणारे की हाताने देण्याचे, हा वाद ज्याने त्याने आपल्या हालचालीवरून सोडवावा. आपोआप चालणाऱ्यात हाताच्या हालचालीने फिरणारे अर्धवर्तुळाकार वजन स्प्रिंग भरते आणि ते काढून ठेवल्यावर चाळीस तासांच्या आसपास चालते. तेव्हा निवृत्तीनंतर सारा दिवस बाल्कांवात बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्या गृहस्थाच्या हातावर ते अधूनमधून उपाशी पडते, आणि त्यांना हाताने चावी देण्याचेच अधिक मानवते. तारखेची खिडकी सोयीची खरी, पण वर्षातून पाच वेळा, तीस वा त्याहून कमी दिवसांच्या महिन्यांनंतर, ती हाताने पुढे करावी लागते. सेकंद थांबविण्या-चालविण्याच्या बटणांची जास्तीची यंत्रणा मात्र टाळावी. तिच्या सफाईला दुपटीने खर्च येतो आणि म्हापशात ती मनापासून उघडणारा कारागीर शोधावा लागतो.

आणि खरेदीपूर्वी एकदा घरचे कपाट उघडावे. आजोबांचे घड्याळ केवळ तेल वाळल्यामुळे थांबलेले असण्याचा संभव मोठा असतो, आणि साफसफाईचा खर्च नव्या घड्याळाच्या एका लहान अंशात भागतो. तसे घरात नसेल आणि जुनेच विकत घ्यावयाचे असेल, तर तबकडी भिंगाखाली पाहावी. मुंबईच्या बाजारात जुन्या फेवर ल्यूबा आणि एच.एम.टी. यंत्रांवर भडक रंगाच्या, नव्याने छापलेल्या तबकड्या बसवून ती अस्सल म्हणून विकण्याचा धंदा चांगला जोरात आहे. अक्षरांच्या कडा फुटलेल्या, आकडे किंचित तिरके, आणि पन्नास वर्षांच्या घड्याळावर एकही डाग नाही, असे दिसले की उठून यावे. उलट, ज्या जुन्या तबकडीवरचे आकडे पूर्वी अंधारात चमकत आणि आता तपकिरी पडले आहेत, तिच्याबाबत वेगळी सावधगिरी हवी. १९६०च्या सुमारापर्यंत तो रंग पुष्कळदा खऱ्या रेडियमचा असे. चमक गेली ती रंगातील जस्ताचे संयुग थकल्यामुळे, रेडियमचे अर्धायुष्य सुमारे सोळाशे वर्षांचे असल्याने ते मात्र जसेच्या तसे आहे. बंद काचेआड ते हातावर बांधण्याने फारसे बिघडत नाही. पण काच उघडून आकडे खरवडण्याचा, पुसण्याचा किंवा फुंकर मारण्याचा प्रयत्न घरी कोणी करू नये, आणि घड्याळजीकडे देताना त्याला ही गोष्ट आधी सांगावी.